अणूचा दिवा कोणाच्या अंगणात?

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागावे, मंचर मागे टाकावे आणि नारायणगावापासून पूर्वेकडे खोडदची वाट धरावी. दोन्ही अंगांना ऊस, कांदा, टोमॅटो, मधूनच द्राक्षांचे मांडव. अशा त्या हिरव्या रानात एकाएकी आभाळाकडे तोंड करून उभा असलेला पोलादी जाळीचा एक अवाढव्य वाडगा दिसतो. थोडे पुढे गेले की दुसरा, मग तिसरा. एसटीतला नवखा उतारू हटकून विचारतो, "हे हो काय?" आणि शेजारचा माहितगार तितक्याच हटकून सांगतो, "अणुशक्तीवाल्यांचे आहे ते!"

उत्तर अर्धे खरे आणि अर्धे फसवे आहे. हे वाडगे म्हणजे जगभर 'जीएमआरटी' या नावाने ओळखली जाणारी प्रचंड रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या येथे आहेत. त्यांतील १४ खोडदजवळ सुमारे एक चौरस किलोमीटरात दाटीने उभ्या आहेत. उरलेल्या १६ तीन फाट्यांवर दूरदूर, सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात विखुरल्या आहेत. येथे अणू फुटत नाही आणि विजेचा एक युनिटही तयार होत नाही. आकाशाच्या पोकळीतून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी ऐकणारे हे कान आहेत. मात्र ही दुर्बीण उभारणारी टाटा मूलभूत संशोधन संस्था चालते ती केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या पैशावर. तेव्हा एसटीतल्या त्या माहितगारास अगदीच खोटे पाडता येत नाही!

ज्या तिजोरीतून या तबकड्या उभ्या राहिल्या, त्याच तिजोरीतून अणुभट्ट्याही उभ्या राहतात, आणि आता त्या तिजोरीचे तोंड अणुविजेसाठी अधिक सैल सोडण्याचे सरकारने ठरविले आहे. शहरात आपण या बातमीवर चहाच्या पेल्याबरोबर वाद घालतो. कोणी म्हणतो, हाच देशाचा तरणोपाय. कोणी म्हणतो, हा निखारा पदरात बांधून घेणे आहे. मला विचाराल तर हा वाद समजून घेण्यासाठी दिल्लीस जाण्याचे कारण नाही. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके डोळे उघडे ठेवून हिंडलात तरी पुरे. येथे ना अणुभट्टी आहे ना युरेनियमची खाण. पण विजेची गरज काय असते, सरकारने विज्ञानाला दिलेला आधार कसा फळतो, आणि देशाच्या गरजेसाठी एखाद्या गावाने आपले सर्वस्व दिले म्हणजे काय होते, ही तिन्ही उत्तरे येथे अंगावर येतात.

रात्रपाळीची शेती

माझे आजोळ या भागातले. मामेभावाची नारायणगावच्या बाजूस थोडी बागाईत आहे. गेल्या खेपेस गेलो तेव्हा रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने पायांत गमबूट घातले, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात घुंगुरकाठी घेतली आणि तो दार उघडून निघाला. "एवढ्या रात्री कुठे रे?" मी विचारले. "लाईट आलीय दादा, पाणी धरायचंय," तो म्हणाला. मामी ओसरीवर बसून राहिली. तो परत येईपर्यंत ती आत गेली नाही.

शहरातल्या वाचकांस यातले मर्म चटकन कळणार नाही. शेतीच्या मोटारींना लागणारी तीन फेजची वीज महाराष्ट्रात वर्षानुवर्षे पाळीपाळीने दिली गेली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. कारखाने आणि शहरे दिवसा भरपूर वीज ओढतात, म्हणून शेतकऱ्याच्या वाट्यास बरीचशी रात्र आली. आणि जुन्नरची रात्र साधी नव्हे. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी पाणी आणले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या आला. उसाच्या फडातच बिबट्याची मादी वितेही. माणिकडोहला वनखात्याला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावे लागले, यावरून काय ते समजावे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली, तेव्हा चिडलेल्या लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवून धरला होता. त्या साऱ्या संतापात एक मागणी जुनीच होती: आम्हांला दिवसा वीज द्या.

बिबट्याचा प्रश्न एकट्या विजेने सुटणारा नाही, हे खरे. पण अंधारात, चिखलात, एकट्याने वाफ्याचे दार फोडायला जाणारा माणूस हा विजेच्या वाटपाचा बळी आहे, हेही तितकेच खरे. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी भावाने मला सरळ विचारले, "दादा, ती अणूची वीज वाढणार म्हंतात. ती आली म्हंजी आमची ही रात्रपाळी सुटंल का?"

भाभांनी लावलेले रोप

या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे. डॉ. होमी भाभा यांनी १९४४ साली टाटा विश्वस्त संस्थेस एक पत्र लिहिले. तेव्हा हिरोशिमावर बॉम्ब पडावयाचा होता आणि देश पारतंत्र्यात होता. अणुशक्तीपासून वीज निघू लागेल त्या दिवशी भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे तोंड वेंगाडावे लागू नये, अशी तयारी आतापासूनच करू या, असा त्या पत्राचा भावार्थ होता. पुढच्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. १९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि १९५४ साली अणुऊर्जा विभाग. हा विभाग थेट पंतप्रधानांच्या हाताखाली ठेवण्यात आला. १९५६ च्या ऑगस्टमध्ये तुर्भ्याला 'अप्सरा' ही संशोधन अणुभट्टी सुरू झाली. आणि १९६९ साली आपल्याच महाराष्ट्रात, तारापूरला, देशातील पहिले अणुवीज केंद्र चालू झाले. ते पाहावयास भाभा मात्र नव्हते. १९६६ च्या जानेवारीत आल्प्स पर्वतात विमान कोसळून त्यांचा अंत झाला होता.

भाभांची नजर केवळ विजेवर नव्हती. परदेशात नाव काढू लागलेले तरुण शास्त्रज्ञ ते हुडकून मायदेशी आणीत. अशांपैकी एक होते गोविंद स्वरूप. ते १९६३ साली टाटा संस्थेत आले. आधी कल्याणला, मग १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर आणि शेवटी खोडदला, अशा चढत्या पायऱ्यांनी त्यांनी रेडिओ दुर्बिणी उभारल्या. खोडदची दुर्बीण १९९० च्या दशकात बांधून झाली. म्हणजे रोप लावल्यापासून फळ हाती येईपर्यंत तीस-पस्तीस वर्षे गेली! एवढा धीर कोणता सावकार धरील? तो सरकारनेच धरावा लागतो.

अणुविजेचेही असेच आहे. कोळशाच्या केंद्रात सतत कोळसा जाळावा लागतो, म्हणजे खर्च रोजच्या रोज. अणुवीज केंद्रात इंधनाचा खर्च थोडा, पण उभारणीचा खर्च डोंगराएवढा. शिवाय काम जितके लांबेल तितके व्याज वाढते, आणि शेवटी ते व्याजच आपल्या विजेच्या बिलात उतरते. म्हणून जगात जेथे जेथे अणुवीज वाढली, तेथे तेथे तिच्या पाठीशी कोणत्या ना कोणत्या रूपाने सरकार उभे राहिले आहे.

न विझणारी चूल

अणुवीज म्हणजे काही जादू नव्हे. शेवटी पाणीच उकळायचे असते. युरेनियमचा अणू दुभंगला की उष्णता निघते, त्या उष्णतेने वाफ होते, वाफेने चक्र फिरते आणि चक्राने वीज निर्माण होते. फरक आहे तो सरपणात. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत एक किलो नैसर्गिक युरेनियमपासून सुमारे ५० हजार युनिट वीज निघते. तेवढ्याच विजेसाठी तीस-पस्तीस टन कोळसा लागतो. म्हणजे एका बाजूला देव्हाऱ्यात मावेल एवढा धातूचा तुकडा, तर दुसऱ्या बाजूला दोन-तीन मालमोटारी भरून कोळसा, त्याची राख आणि त्याचा धूर!

या चुलीचा दुसरा गुण असा की ती एकदा पेटली की महिनोन् महिने सारखी जळते. कारवारजवळच्या कैगा येथील पहिली भट्टी मे २०१६ ते डिसेंबर २०१८ या काळात सलग ९६२ दिवस न थांबता चालली आणि तिने त्या वेळी जागतिक विक्रम केला. पावसाळा असो, अमावास्या असो, वारा पडलेला असो, तिला सगळे सारखेच.

आता भावाच्या प्रश्नाकडे येऊ. मी त्याला सांगितले, "तुझी रात्रपाळी सुटली तर ती आधी सूर्यामुळे सुटेल, अणूमुळे नव्हे." त्याला नवल वाटले. पण हिशेब सोपा आहे. शेतकऱ्याला वीज हवी दिवसा, आणि सूर्यही तळपतो दिवसाच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा सारा रोख याच गोष्टीवर आहे: गावाजवळच सौर वीज तयार करायची आणि ती शेतीच्या वाहिन्यांना दिवसा द्यायची. अणुभट्टी उभी राहण्यास दहा-बारा वर्षे लागतात, तर सौर पट्ट्यांना थोडे महिने पुरतात.

"मग अणूची वीज कुनासाठी?" त्याने विचारले.

खरी गंमत येथे आहे. सूर्य मावळला की पुण्या-मुंबईचे दिवे लागतात. कारखान्यांची रात्रपाळी चालू होते, आगगाड्या धावतच असतात, रुग्णालये आणि शीतगृहे थांबू शकत नाहीत. ही रात्रीची वीज आज मुख्यत्वे कोळसा देतो. कोयनेसारखे जलविद्युत केंद्र ऐन गर्दीच्या वेळी हात देते, पण त्याचे पाणी मोजके. कोळसा कमी करायचा असेल तर रात्रीसाठी काहीतरी हवे: एकतर दिवसाची वीज साठवून ठेवणाऱ्या मोठाल्या बॅटऱ्या आणि पाणी वर चढवून साठविणारी धरणे, नाहीतर अणूची न विझणारी चूल. बहुधा दोन्ही लागतील. तेव्हा अणुविजेची गरज माझ्या भावापेक्षा तुम्हांआम्हां शहरवासीयांना अधिक आहे. तिची भलावण करताना हे आपण विसरता कामा नये.

नवी थैली, नवा कायदा

आता सरकारने काय ठरविले आहे ते पाहू. २०२५ च्या फेब्रुवारीतील अर्थसंकल्पात केंद्राने २०४७ पर्यंत १ लाख मेगावॅट अणुविजेचे लक्ष्य जाहीर केले. त्या वेळी देशाची क्षमता सुमारे ८,२०० मेगावॅट होती. म्हणजे बावीस वर्षांत बारापट! लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी रुपयांची तरतूद सांगण्यात आली आणि २०३३ पर्यंत अशा किमान पाच भट्ट्या चालू करण्याचा संकल्प सोडण्यात आला. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या महानिर्मिती कंपनीने थोरियमवर चालणाऱ्या लहान भट्टीच्या विकासासाठी रशियाच्या रोसाटॉमशी सामंजस्य करार केला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने 'शांती' नावाचा नवा कायदा संमत केला. आजवर सरकारी मक्तेदारी असलेले हे क्षेत्र त्यामुळे खासगी कंपन्यांनाही परवान्याने खुले झाले.

आकडे डोळे दिपविणारे आहेत. पण दिवाळीतल्या भुईनळ्याप्रमाणे आकडेही कधी कधी उंच उडतात आणि लौकर विझतात. जैतापूरचेच पाहा ना. १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट, जगातील सर्वांत मोठे अणुवीज केंद्र, अशी ती योजना. फ्रान्सच्या कंपनीशी प्राथमिक करार डिसेंबर २०१० मध्ये झाला. तीनच महिन्यांनी जपानात फुकुशिमाचा अपघात झाला. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे आंदोलकांवर गोळीबार होऊन एकाचा बळी गेला. त्यानंतर किंमत, तंत्र आणि नुकसानभरपाईची जबाबदारी यांवर बोलणी वर्षामागून वर्षे चालत राहिली. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या शीघ्र प्रजनक भट्टीचे बांधकाम २००४ साली सुरू झाले, आणि तीही ठरल्या वेळेच्या कितीतरी मागे पडली. उलट तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्यांचे काम २००० साली हाती घेतले गेले आणि २००५ व २००६ मध्ये त्या आपल्याच अभियंत्यांनी चालू करून दाखविल्या. तेव्हा वेळेवर काम होतच नाही असे नव्हे. ओळखीच्या तंत्राने, घरच्या हातांनी केलेले काम वेळेवर झाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आणि भीतीचे काय? चेर्नोबिल आणि फुकुशिमा ही नावे ऐकली की गृहिणींच्या काळजात धस्स होते, यात नवल नाही. किरणोत्सर्गी कचरा काचेत मुरवून बंदिस्त ठेवण्याची विद्या आपल्याकडे आहे, आणि तारापूरला ती वापरली गेली आहे. पण तो कचरा पिढ्यान् पिढ्या सांभाळावा लागतो. कोळशाचा धूर रोज थोडे थोडे मारतो म्हणून त्याची बातमी होत नाही, अणूचा अपघात क्वचित होतो पण तो जन्मभर आठवतो. दोहोंत धोका आहे. तो धोका मोजणारा माणूस स्वतंत्र असावा आणि त्याने मोजलेले आपणांस सांगावे, एवढीच आपली मागणी असली पाहिजे. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले, पण ज्याच्यावर देखरेख करायची त्याच घरचे ते, असा आक्षेप कित्येक वर्षे घेतला गेला. नव्या कायद्याने त्याला कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. आता खासगी कंपन्या येणार, तेव्हा त्याची खरी कसोटी पुढेच आहे.

पाण्याखालचे आंबेगाव

जुन्नरहून दक्षिणेकडे वळून घोडेगावमार्गे भीमाशंकरच्या वाटेला लागले की डिंभे धरणाचा जलाशय दिसतो. परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे १९३० साली मुंबईत प्राण देणारा बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. या जलाशयाला त्याचेच नाव आहे. घोड नदीवरच्या या पाण्याने खालच्या अंगाची शेते पिकविली, ऊस उभा केला, लहानसे वीजघरही चालविले. पण ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव पडले, ते मूळ आंबेगावच या पाण्याखाली गेले. तालुका राहिला, नाव राहिले, गाव नाही! त्याच्यासोबत आसपासच्या आदिवासी वाड्याही उठल्या. वरच्या उतारांवरचे महादेव कोळी रोज ते पाणी पाहतात. ते पाणी खाली वाहते आणि खाली पिके डोलतात.

अणुविजेच्या चर्चेत हे धरण कशाला, असे कोणी म्हणेल. पण तारापूरच्या त्याच तिसऱ्या-चौथ्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठविण्यात आली, आणि त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी पुढे न्यायालयापर्यंत गाजत राहिल्या. जैतापूरसाठी माडबन आणि शेजारच्या गावांची ९३८ हेक्टर जमीन घेण्यात आली. दिवा एका घरी लागावा आणि चूल दुसऱ्या घरची विझावी, हा आपला जुना रिवाज अणूनेही मोडलेला नाही. बारापट वीज हवी असेल तर जमीनही घ्यावी लागेल, समुद्रकिनारे आणि नदीकाठही लागतील. त्या प्रत्येक ठिकाणी एखादे आंबेगाव वसलेले आहेच.

खोडदचा धडा

म्हणूनच खोडदकडे पुन्हा एकदा नीट पाहावेसे वाटते. दुर्बीण आणि भट्टी यांची तुलना होऊ शकत नाही, हे उघड आहे. एकीत धोका नाही, दुसरीत आहे. पण सरकारी पैशाने उभे राहिलेले विज्ञान शेजाऱ्यांशी कसे वागते, हे तेथे दिसते. तबकड्या रानात विखुरलेल्या आणि भोवती ऊस तसाच उभा. विजेच्या तारेवर कोठे ठिणगी उडत असली तरी दुर्बिणीच्या कानात खरखर उमटते, म्हणून शास्त्रज्ञांना गावाच्या तारांची चौकशी करावी लागते; गाव आणि शास्त्रज्ञ एकमेकांस अगदीच परके राहू शकत नाहीत. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास येथे प्रदर्शन भरत आले आहे. गावोगावच्या शाळांची पोरे येतात, तबकडीखाली मान वर करून उभी राहतात आणि शास्त्रज्ञांना हवे ते प्रश्न विचारतात. दार उघडे आहे, म्हणून भीती नाही.

अणुभट्टीचे दार असे सताड उघडे टाकता येणार नाही, हे मान्य. पण तिचा हिशेब उघडा ठेवता येईल. खर्च किती झाला, उशीर का झाला, किरणांचे माप आज किती आहे, हे शेजारच्या गावाला मराठीत, चावडीवर वाचता यावे. अपघात झालाच तर भरपाई कोण देणार, किती आणि किती दिवसांत, हे जमीन घेण्यापूर्वी सांगता यावे. आणि ज्यांची जमीन जाईल त्यांना एकरकमी पैसे देऊन वाटेला न लावता, त्या केंद्राच्या विजेत आणि नोकऱ्यांत कायमचा वाटा देता यावा. सरकारचा खरा आधार थैलीच्या वजनावर मोजायचा नसतो. तीस वर्षे धीर धरण्याची तयारी आणि शेजाऱ्याला हिशेब देण्याची दानत, यांवर तो मोजायचा असतो. पहिली गोष्ट भाभांच्या वारसदारांनी करून दाखविली आहे. दुसरीची उधारी अजून बाकी आहे.

अणुवीज वाढावी, असे मला वाटते. धुराने काळवंडलेली हवा आपल्या नातवंडांच्या पदरात टाकण्यापेक्षा ही चूल जपून, डोळ्यांत तेल घालून पेटती ठेवणे बरे. परंतु तिची वीज सर्वांत अधिक वापरणार आपण, शहरातली माणसे. तेव्हा तिच्या किमतीची चौकशी करण्याचे कामही आपलेच आहे. ते पोफरणच्या कोळ्यांवर किंवा माडबनच्या आंबेवाल्यांवर ढकलून चालणार नाही.

आपल्याकडे दिवाळीत पहिली पणती तुळशीपाशी लावतात, मग उंबरठ्यावर, मग घरभर. रोषणाई शेवटी होते. अणूचा दिवा लावायचा तर हाच क्रम पाळला पाहिजे: ज्यांच्या अंगणावर भट्टी उभी राहते, पहिला उजेड त्यांच्या नव्या अंगणात पडावा. मग आपली रोषणाई कितीही चालो.